गजपंथची विद्वत्सभा आणि सोलापूरची ग्रंथमाला

आशियातील भाषा, वाङ्मय, धर्म आणि इतिहास यांच्या अभ्यासाला एकोणिसाव्या शतकात प्राच्यविद्या हे नाव मिळाले, आणि या विद्येच्या अभ्यासकांनी ठराविक काळाने एकत्र जमून निबंध वाचावेत, नव्या शोधांची देवाणघेवाण करावी आणि पुढील कामाची दिशा ठरवावी, ही प्रथा 1873 साली पॅरिस येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेपासून युरोपात रूढ झाली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे 1886 च्या व्हिएन्ना परिषदेला स्वतः उपस्थित राहिले होते. पुढे त्यांच्या नावाने पुण्यात स्थापन झालेल्या संशोधन मंदिराच्या पुढाकाराने नोव्हेंबर 1919 मध्ये अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी ब्याऐंशी वर्षांचे भांडारकरच होते. कलकत्ता, मद्रास, अलाहाबाद, लाहोर, पाटणा, बडोदे असा या परिषदेचा पुढचा प्रवास झाला. यांतील बहुतेक गावांत विद्यापीठ होते, निदान संस्थानिकाचा उदार आश्रय तरी होता. सोलापुरात यांपैकी काहीच नव्हते, कारण तेथे विद्यापीठ स्थापन झाले ते 2004 साली. तरीही प्राकृत आणि जैन विद्येच्या अभ्यासात विसाव्या शतकाच्या मध्यापासून सोलापूरचे नाव ग्रंथांच्या मुखपृष्ठावर सतत दिसते, आणि त्याचे मूळ एका छोट्या, परिषदेच्या इतिहासात कुठेही नोंद नसलेल्या विद्वत्सभेत आहे.

1877 साली उभी राहिलेली, पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेलेली कापड गिरणी आणि तिच्यामागून आलेल्या इतर गिरण्या यांमुळे सोलापूर हे कामगारांचे आणि व्यापाऱ्यांचे शहर बनले. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा येथील पेठांतून एकाच वेळी ऐकू येत, आणि त्यांच्या जोडीला गुजरातेतून येऊन फलटण, अकलूज, सोलापूर या पट्ट्यात स्थायिक झालेल्या हुमड जैन व्यापाऱ्यांची गुजरातीही होती. हुमड ही दिगंबर जैनांतील एक व्यापारी जात आहे. घरात गुजराती, बाजारात मराठी, मंदिरात संस्कृत व प्राकृत आणि तीर्थयात्रेत कन्नड असा या कुटुंबांचा भाषाव्यवहार होता. दक्षिणेतील श्रवणबेळगोळ आणि मूडबिद्री ही दिगंबरांची मोठी क्षेत्रे सोलापूरकरांना उत्तरेकडील जैनांपेक्षा कितीतरी जवळची होती, आणि ही भौगोलिक जवळीक पुढे फार महत्त्वाची ठरली.

या समाजातील शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी 1880 च्या दशकात ‘जैन बोधक’ हे नियतकालिक सोलापुरातून सुरू केले. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे वडील ही त्यांची ओळख आज अधिक प्रचलित आहे, परंतु विद्येच्या इतिहासात त्यांचे स्थान स्वतंत्र आहे. धर्मग्रंथ छापावेत की नाही, हाच त्या काळी जैन समाजात वादाचा विषय होता. छापखान्यातील शाई, सरस आणि यंत्र यांच्या स्पर्शाने शास्त्र अपवित्र होते, छापील पोथी कोणाच्याही हाती पडते आणि तिची आशातना म्हणजे अवमान होतो, असे जुन्या वळणाच्या मंडळींचे म्हणणे होते, तर मुद्रणावाचून ग्रंथ टिकणार नाहीत अशी हिराचंद नेमचंद यांच्यासारख्यांची खात्री होती.

या वादाची खरी कसोटी मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर लागली. दिगंबर परंपरेत सर्वांत प्राचीन मानला जाणारा ‘षट्खंडागम’ हा कर्मसिद्धांतावरील ग्रंथ आणि त्यावर वीरसेन आचार्यांनी नवव्या शतकाच्या आरंभी प्राकृत व संस्कृत अशा मिश्र भाषेत लिहिलेली ‘धवला’ ही प्रचंड टीका यांच्या प्रती फक्त मूडबिद्रीच्या मंदिरात, जुन्या कन्नड लिपीत उरल्या होत्या. वीरसेनांनी आरंभलेली आणि त्यांचे शिष्य जिनसेन यांनी पूर्ण केलेली ‘जयधवला’ही तेथेच होती. यात्रेकरूंना या पोथ्यांचे दर्शन मिळे, वाचन मात्र होत नसे. मुंबईचे शेठ माणिकचंद पानाचंद यांनी 1883 च्या सुमारास मूडबिद्रीला जाऊन हे दर्शन घेतले आणि पोथ्यांच्या जीर्ण अवस्थेविषयी सोलापूरला हिराचंद नेमचंद यांना कळविले. पुढील वर्षी हिराचंद स्वतः तेथे गेले आणि श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री यांच्याकडून त्यांनी ग्रंथाचे मंगलाचरण वाचवून घेतले. प्रत्यक्ष नक्कल करण्याचे काम सुरू होण्यास आणखी दहा-बारा वर्षे गेली. वर्गणी जमली, ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय हे लेखक नेमले गेले, आणि नकला मूडबिद्रीबाहेर जाऊ नयेत या तेथील विश्वस्तांच्या अटीवर काम चालू राहिले.

या अटीचे काय झाले याची हकिकत डॉ. हिरालाल जैन यांनी ‘धवले’च्या पहिल्या मुद्रित भागाच्या प्रस्तावनेत दिली आहे. गजपती उपाध्याय यांनी अधिकृत नकलेबरोबर आपल्या पत्नीच्या साहाय्याने घरी एक गुप्त प्रतही तयार केली आणि ती घेऊन ते सोलापूरला हिराचंद नेमचंद यांच्याकडे आले. ज्या ग्रंथासाठी या गृहस्थाने वर्षानुवर्षे खटपट केली होती तो असा दारात आला असता, चोरून केलेली प्रत ठेवून घेणे नीतीला धरून नाही, म्हणून त्यांनी ती नाकारली. ती प्रत अखेर सहारनपूरला गेली. तिची नागरी नक्कल करणाऱ्या लेखकाने पुन्हा तीच युक्ती योजून स्वतःसाठी एक प्रत राखली, आणि तिच्यावरून झालेल्या नकला आरा, कारंजा अशा ठिकठिकाणच्या भांडारांत पोहोचल्या. 1939 पासून अमरावतीहून हिरालाल जैन यांच्या संपादकत्वाखाली सोळा भागांत निघालेली ‘धवला’ ही या पसरलेल्या प्रतींमुळेच शक्य झाली. हिराचंद शेठजींचा नकार सचोटीचा होता यात शंका नाही, पण ग्रंथ जगाला मिळाला तो दुसऱ्याच्या लबाडीमुळे, हेही तितकेच खरे आहे.

सोलापूरचेच ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी जे केले ते या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. ब्रह्मचारी ही येथे व्रतस्थ गृहस्थाची पदवी आहे. असा मनुष्य मुनिदीक्षा घेत नाही, परंतु संसारातून मन काढून घेतो आणि आपला परिग्रह, म्हणजे मालमत्तेचा संचय, टप्प्याटप्प्याने कमी करीत जातो. जीवराजभाईंना 1940 साली आपली संपत्ती धर्म आणि समाज यांच्या उपयोगी लावण्याची तीव्र इच्छा झाली. अशा इच्छेचा नेहमीचा मार्ग ठरलेला होता: मंदिराचा जीर्णोद्धार, मूर्तीची प्रतिष्ठा, धर्मशाळा, फार तर विद्यार्थ्यांचे वसतिगृह. जीवराजभाईंनी मात्र आधी देशभर प्रवास करून जैन विद्वानांची तोंडी आणि लेखी मते गोळा केली, आणि त्यांचा मेळ बसेना तेव्हा 1941 च्या उन्हाळ्यात नाशिकजवळील गजपंथ येथे विद्वानांची सभा बोलावून हा प्रश्न तिच्यापुढे विचारासाठी ठेवला.

म्हसरूळ गावाजवळच्या डोंगरावर गजपंथ हे क्षेत्र आहे. डोंगरातील लेणी ‘चांभार लेणी’ या लोकप्रचलित नावाने परिचित आहेत, आणि जैन परंपरा या स्थानाला सिद्धक्षेत्र मानते, म्हणजे पूर्वी काही महात्म्यांना येथे मोक्ष मिळाला अशी श्रद्धा आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यापेक्षा तेथील हवा थंड, हे कारण सभेच्या वृत्तांतातही सूचित झाले आहे आणि ते क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. वैशाखात सोलापूरच्या उन्हात बसून कोणी शांतपणे ऊहापोह केला असता असे वाटत नाही. या सभेतून ‘जैन संस्कृती संरक्षक संघ’ जन्मास आला, जैन संस्कृती आणि साहित्य यांच्या सर्व अंगांचे संरक्षण, उद्धार आणि प्रसार हा त्याचा हेतू ठरला, आणि जीवराजभाईंनी त्यासाठी 30,000 रुपयांचे दान जाहीर केले. तीन वर्षांनी, 1944 मध्ये, त्यांनी सुमारे 2,00,000 रुपयांची आपली सर्व संपत्ती विश्वस्त निधीच्या रूपाने संघाला देऊन टाकली. 16 जानेवारी 1957 रोजी त्यांचे निधन झाले. हा सारा वृत्तांत संघाच्या ‘जीवराज जैन ग्रंथमाले’तील पुस्तकांच्या आरंभी, दात्याच्या छायाचित्रासह, एका पानात छापला जातो, आणि सभेची सार्वजनिक स्मृती म्हणून जे काही उरले आहे ते प्रामुख्याने हेच पान होय.

1941 हे वर्ष या दृष्टीने मोठे बोलके आहे. त्याच वर्षी वि. स. खांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन खुद्द सोलापुरात भरले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हैदराबाद येथे प्राच्यविद्या परिषदेचे अकरावे अधिवेशन झाले, ज्यात प्राकृत, पाली, जैन व बौद्ध विभागाचे अध्यक्षपद कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील अर्धमागधीचे प्राध्यापक आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांच्याकडे होते. एक संमेलन ललित वाङ्मयाचे, एक परिषद शास्त्रीय संशोधनाची आणि एक सभा दानाच्या विनियोगाची, असे तीन मेळावे एकाच वर्षात झाले. पहिल्या दोहोंना स्वागताध्यक्ष, ठराव आणि अहवाल होते. तिसरीपाशी यांतले फारसे काही नव्हते, परंतु पैसा होता आणि त्याचे काय करावे हा एकच प्रश्न होता. प्राच्यविद्या परिषदेच्या विभागीय अध्यक्षांच्या भाषणांतून अमुक ग्रंथाची संशोधित आवृत्ती निघावयास हवी, तमुक भांडाराची सूची व्हावयास हवी, अशी मागणी वर्षानुवर्षे होत असे. ती पुरी करण्यासाठी लागणारा निधी परिषदेच्या हाती कधीच नसे. गजपंथच्या सभेने ही उणीव एका लहानशा क्षेत्रापुरती भरून काढली.

ग्रंथमालेचे प्रधान संपादक म्हणून उपाध्ये आणि हिरालाल जैन यांची योजना झाली. दोघांपैकी एकाचेही वास्तव्य सोलापुरात नव्हते. उपाध्ये कोल्हापुरात होते, तर हिरालाल जैन अमरावती, नागपूर, पुढे बिहारमधील वैशालीची प्राकृत संस्था आणि जबलपूर असे ठिकाण बदलत गेले. सोलापुरात होते ते संघाचे कार्यालय, जमाखर्च आणि प्रकाशक. गुलाबचंद हिराचंद आणि पुढे लालचंद हिराचंद दोशी यांची नावे प्रकाशक वा संघाचे पदाधिकारी म्हणून पुस्तकांवर आढळतात, म्हणजे ‘जैन बोधक’काराच्या घराण्याचा हात येथेही होता. हस्तलिखिते एका गावी, संपादक दुसऱ्या गावी, अनुवादक तिसऱ्या गावी आणि छापखाना चौथ्या गावी, अशी व्यवस्था टपालाच्या आधारावर चालली, आणि पहिला ग्रंथ बाहेर पडला तो महायुद्धाच्या कागदटंचाईत, 1943 साली.

तो ग्रंथ म्हणजे यतिवृषभ आचार्यांची ‘तिलोयपण्णत्ती’. नऊ महाधिकारांच्या या प्राकृत ग्रंथात त्रैलोक्याचे, म्हणजे नरकापासून सिद्धलोकापर्यंतच्या विश्वरचनेचे, वर्णन आहे, आणि ते करताना द्वीप, समुद्र व पर्वत यांची मापे काढण्यासाठी भूमितीचे आणि श्रेढींचे गणित सर्वत्र वापरले आहे. इतिहासकारांना त्यातील एक छोटा भाग विशेष महत्त्वाचा वाटतो: महावीरांच्या निर्वाणानंतर कोणत्या राजवंशाने किती वर्षे राज्य केले याची गाथाबद्ध यादी, जिच्यात गुप्तांपर्यंतचा क्रम येतो. अशा ग्रंथाची संशोधित आवृत्ती म्हणजे केवळ पोथी छापणे नव्हे. उपलब्ध हस्तलिखिते ओळीने लावून प्रत्येक गाथेतील पाठभेद, म्हणजे निरनिराळ्या प्रतींतील शब्दांचे फरक, टिपावे लागतात. कोणता पाठ मूळचा आणि कोणता लेखकाच्या डुलकीतून आलेला हे छंद, व्याकरण आणि अर्थ यांच्या आधारे ठरवावे लागते. आणि जेथे सर्वच प्रती चुकलेल्या असतील तेथे गणितच मदतीला येते, कारण पर्वताची उंची चुकली तर पुढचे क्षेत्रफळ जुळत नाही. हिंदी अनुवाद पंडित बालचंद्र शास्त्री यांनी केला. दुसरा भाग निघण्यास 1951 साल उजाडले. ‘तिलोयपण्णत्ती’च्या गणिताची स्वतंत्र चिकित्सा लक्ष्मीचंद्र जैन यांनी केली आणि ती याच मालेत 1958 मध्ये निघालेल्या ‘जंबूदीवपण्णत्ती’च्या आवृत्तीला जोडून छापली गेली, तर 1963 मध्ये महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ त्यांच्याच हिंदी अनुवादासह आला.

मालेचा दुसरा ग्रंथ तर प्रांतिक आणि सांप्रदायिक दोन्ही सीमा ओलांडणारा होता. सोमदेवसूरी यांनी राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळात, 959 साली, ‘यशस्तिलक’ हे गद्यपद्यमिश्रित संस्कृत काव्य पूर्ण केले. त्यातून दहाव्या शतकातील दख्खनचे दरबार, पंथ, लोकाचार आणि शास्त्रे यांचे चित्र उभे करणारा विस्तृत इंग्रजी ग्रंथ आसाममधील संस्कृत पंडित कृष्णकांत हांडिकी यांनी लिहिला. हांडिकी जैन नव्हते, आणि पुस्तक निघाले त्याच्या आगेमागे ते गुवाहाटी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले होते. आसाममध्ये लिहिलेला हा ग्रंथ 1949 साली सोलापुरातून प्रसिद्ध झाला, यामागे संपादकांची दृष्टी होती, तशीच दात्याच्या सभेने घातलेली ‘सर्व अंगे’ ही विस्तीर्ण मर्यादाही होती. पी. बी. देसाई यांचा दक्षिण भारतातील जैन धर्म आणि काही शिलालेख यांवरील 1957 चा इंग्रजी ग्रंथ तर सोलापूरला अधिकच जवळचा, कारण त्यात राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, आजचे मळखेड, आणि त्याच्या भोवतालचा, सोलापूरपासून रेल्वेने काही तासांवर असलेला प्रदेश येतो.

स्थानिक विद्वत्तेचा वाटाही दुर्लक्षिण्यासारखा नाही. सोलापूरचे पंडित जिनदासशास्त्री फडकुले हे जुन्या शास्त्री परंपरेतील. मालेतील शुभचंद्रकृत ‘पांडवपुराण’ त्यांच्या अनुवादासह 1954 मध्ये निघाले. मराठी समीक्षक आणि वक्ते म्हणून नाव मिळविलेले निर्मलकुमार फडकुले हे त्यांचे चिरंजीव. श्राविकाश्रमाच्या, म्हणजे जैन स्त्रियांच्या आश्रमाच्या, पंडिता सुमतीबाई शहा यांनी संपादित केलेला ‘षट्खंडागम’ 1965 साली फलटणच्या संस्थेने प्रसिद्ध केला. ज्या ग्रंथाचे वाचन दोन पिढ्यांपूर्वी यात्रेकरू पुरुषांनाही दुर्लभ होते त्याचे संपादन सोलापूरच्या एका स्त्रीने केले, ही घटना विद्वत्परिषदांच्या वृत्तांतांत जेवढी नोंदली जावयास हवी होती तेवढी नोंदली गेली नाही.

उपाध्ये यांना 1966 मध्ये अलीगढ येथील प्राच्यविद्या परिषदेचे सर्वाध्यक्षपद मिळाले. एका विभागापुरते मर्यादित राहिलेले प्राकृत अशा रीतीने परिषदेच्या मुख्य व्यासपीठावर आले, परंतु मोठ्या परिषदेत दहा-पंधरा मिनिटांत निबंध वाचून खाली बसण्याच्या पद्धतीने या विषयाचे समाधान होण्यासारखे नव्हते, म्हणून 1968 मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात केवळ प्राकृत अभ्यासासाठी स्वतंत्र परिसंवाद भरला आणि तसे परिसंवाद पुढे मुंबई, अहमदाबाद अशा ठिकाणीही झाले. 1971 च्या कॅनबेरा आणि 1973 च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदांना उपाध्ये उपस्थित राहिले. पॅरिसच्या त्या अधिवेशनात, शंभर वर्षांनंतर, परिषदेने आपल्या नावातील ‘प्राच्यविद्यापंडित’ हे बिरुद काढून टाकले. त्याच सुमारास सोलापूरच्या संघाने ‘धवले’च्या सुधारित पुनर्मुद्रणाचे काम हाती घेतले होते. हिरालाल जैन 1973 मध्ये आणि उपाध्ये 1975 मध्ये निवर्तले.

मालेवर एक आक्षेप मात्र मराठी वाचकाने घेण्यासारखा आहे. मराठी मुलखातील शहरातून, मराठी मुलखातच कमावलेल्या संपत्तीवर चाललेल्या या प्रकल्पाचे अनुवाद मुख्यतः हिंदीत आणि प्रस्तावना इंग्रजीत असत. जैन वाचकवर्ग उत्तरेत मोठा आणि संशोधकांचा वर्ग देशोदेशी विखुरलेला, हे त्याचे व्यवहारी कारण उघड आहे. तरीही संघाने मराठी विभाग चालविला, आणि त्याचे खरे मोल विद्याधर जोहरापूरकर यांच्या कामात दिसते. जोहरापूरकरांचा ‘भट्टारक संप्रदाय’ हा 1958 चा हिंदी ग्रंथ कारंजा, लातूर आदी पीठांच्या भट्टारकांची, म्हणजे मठाधिपती असलेल्या दिगंबर धर्मगुरूंची, परंपरा मूर्तिलेख आणि ग्रंथप्रशस्ती यांवरून उभी करतो. हे लेख आणि प्रशस्ती धुंडाळताना या पीठांच्या आश्रयाने मराठीत लिहिणाऱ्या जैन कवींची एक सबंध मालिका पुढे आली. मेघराजाचा ‘जसोधर रास’ आणि गुणकीर्तीचा ‘धर्मामृत’ हे ग्रंथ जोहरापूरकरांनी संपादित केले आणि ते 1960 च्या सुमारास सोलापुरातून छापले गेले. ‘धर्मामृत’ हे गद्य आहे, आणि महानुभावांच्या गद्यानंतर बखरींपर्यंत मराठी गद्याचा प्रवाह जवळजवळ लुप्त झाला असे मानणाऱ्या वाङ्मयेतिहासाला ते सरळ आव्हान देते. सुभाषचंद्र अक्कोळे यांनी प्राचीन मराठी जैन साहित्याचा प्रबंधरूपाने अभ्यास केल्यावर या लेखकांना वाङ्मयेतिहासाच्या खंडांत जागा मिळू लागली, तरी महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत गुणकीर्तीचे नाव आजही क्वचितच आढळते.